दवाखान्यातलं एक्स-रे यंत्र: शिशाच्या भिंतीआधी टायमर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी दंत-दवाखाना आहे. भिंतीवर बसणारं ७० केव्ही (किलोव्होल्ट), ७ एमएचं (मिलिअँपिअर) जुनं एसी यंत्र, म्हणजे घरच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर थेट चालणारं, घेतलंय आणि त्याला नवा आरव्हीजी सेन्सर (फिल्मऐवजी तोंडात ठेवायचा डिजिटल सेन्सर) जोडलाय. खोली दहा बाय आठ फुटांची, तीन बाजूंना विटांच्या भिंती, चौथ्या बाजूला प्लायवुडचं पार्टिशन आणि पलीकडे रिसेप्शन. दिवसाला आठ-दहा एक्स-रे होतात. असिस्टंट तीन महिन्यांची गरोदर आहे, घरचे तिला काम सोडायला सांगतायत. हाताशी पैसे मोजके आहेत. ते पार्टिशनला शिसं लावण्यात घालावेत, की हातात धरायचं पोर्टेबल यंत्र घेऊन भिंतीचा प्रश्नच मिटवावा?

तुम्ही भिंतीबद्दल विचारलंय, पण मला अडलं ते तुम्ही ओघात लिहिलेलं एक वाक्य: "टायमर ०.६ वर ठेवलाय, फोटो छान येतो." म्हणजे दर फोटोला किरण ०.६ सेकंद सुरू राहतात. खरा प्रश्न तिथे आहे. तो सुटला की भिंतीचा, असिस्टंटचा आणि पेशंटचा असे तिन्ही प्रश्न निम्म्याहून हलके होतात.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या यंत्राची प्रत्यक्ष किरणमात्रा किती आहे, टायमर दाखवतो तितकाच वेळ चालतो का, खुर्ची कोणत्या दिशेला आहे, सेन्सर कोणत्या प्रतीचा आहे, यावर आकडे बदलतील. म्हणून खाली आकड्यासोबत तो कसा काढला तेही देतोय; तुम्ही तुमचे आकडे घालून तोच हिशेब करा.

आधी शरीरात काय होतं ते पाहू, कारण भीती किती आणि काळजी किती हे तिथेच ठरतं.

७० केव्हीच्या झोतातले किरण ऊतीतून जाताना अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. इनॅमलमध्ये (दाताच्या वरच्या कठीण आवरणात) कॅल्शियम भरपूर, म्हणून तिथे किरण जास्त शोषले जातात आणि दात पांढरा दिसतो. मऊ ऊतीत मात्र बहुतेक मारा पाण्यावर होतो. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक (लगेच दुसऱ्या रेणूंवर तुटून पडणारा तुकडा) तयार होतं. ते क्षणभरही टिकत नाही, पण तेवढ्यात शेजारी डीएनए असला तर त्याचा धागा तुटू शकतो. एकच पदर तुटला तर पेशी दुसऱ्या पदरावरून तो सहज सांधते, आणि अशी मोडतोड श्वसन-पचनाच्या रोजच्या रसायनांमुळेही प्रत्येक पेशीत हजारोंनी होत असते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर सांधणं अवघड जातं. १ ग्रे (ऊतीने शोषलेल्या किरणमात्रेचं एकक) मात्रेला एका पेशीत असे साधारण चाळीस दुहेरी तुटवे होतात. दातांच्या एका नीट काढलेल्या एक्स-रेत गालाच्या त्वचेवर पडते ती मात्रा साधारण १ मिलिग्रेच्या आसपास असते, म्हणजे झोतात सापडलेल्या पंचवीस पेशींमागे एखादीत एक दुहेरी तुटवा. बहुतेक तुटवे काही तासांत, फार तर दिवसाभरात सांधले जातात. चुकीचा सांधला गेलेला एखादा तुटवा पुढे अनेक वर्षांनी कर्करोगाचं बीज ठरू शकतो. ही शक्यता फार बारीक आहे, पण शून्य धरून चालत नाही.

परिणाम दोन तऱ्हेचे असतात आणि पेशंटच्या मनात ते हमखास एकत्र होतात. पहिली तऱ्हा उंबरठ्याची: ठराविक मात्रा ओलांडल्याशिवाय काही होतच नाही. त्वचा लाल व्हायला साधारण २ ग्रे लागतात, मोतीबिंदूसाठी अर्धा ग्रे, गर्भात व्यंग येण्यासाठी सुमारे १०० मिलिग्रे. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाला 'शेक' घेतलेला माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो: सुकलेलं तोंड, न भरणारा जबडा. तो शेक एकूण ६० ते ७० ग्रेचा असतो. दातांच्या एका एक्स-रेच्या कितीतरी हजार पटींनी जास्त. पेशंटने "शेकासारखंच ना हे?" असं विचारलं तर हा फरक शांतपणे सांगा.

दुसरी तऱ्हा शक्यतेची, म्हणजे कर्करोगाची. इथे उंबरठा नाही असं धरून संरक्षणाचे नियम बांधलेत. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००७ साली दिलेला गुणांक दर सीव्हर्टला (शरीराला होणाऱ्या धोक्याच्या हिशेबाने मोजलेल्या मात्रेचं एकक) सुमारे साडेपाच टक्के आहे. एका आयओपीएची (तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या दोन-तीन दातांच्या एक्स-रेची) परिणामी मात्रा साधारण १ ते ८ मायक्रोसीव्हर्ट. ५ धरली तर हिशेब येतो छत्तीस लाखांत एक. निसर्गाकडून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसीव्हर्ट मिळतच असतात. तेव्हा एक आयओपीए म्हणजे निसर्गाचा जास्तीत जास्त एखादा दिवस. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त मोनाझाइटच्या वाळूमुळे ही नैसर्गिक मात्रा कितीतरी पट जास्त आहे. तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, पण कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलेलं नाही.

मग टायमरची एवढी काळजी कशाला? कारण वरचे सगळे आकडे "नीट काढलेल्या" एक्स-रेचे आहेत. मात्रा वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते. ०.१५ सेकंदात होणारं काम तुम्ही ०.६ मध्ये करत असाल, तर प्रत्येक पेशंटला चौपट देताय. त्यात कोनाची (यंत्राच्या तोंडाशी असलेल्या, झोत जिच्यातून येतो त्या नळीची) दिशा चुकून एक रीटेक झाला तर आठपट. मुलांच्या पेशी प्रौढांपेक्षा दोन-तीन पटींनी संवेदनशील असतात आणि पुढे आयुष्यही लांब असतं. एका एक्स-रेने कुणाचं काही बिघडणार नाही. पण तुम्ही वर्षाला तीन हजार काढता, आणि त्यातला तीन-चतुर्थांश भाग कुणाच्याच कामाचा नाही.

हे लक्षात का येत नाही, ते समजून घ्या. फिल्मच्या काळात चूक स्वतःच ओरडायची: जास्त एक्सपोजर झालं की फिल्म काळी. डिजिटल सेन्सरमध्ये उलट आहे. मात्रा वाढवली की प्रतिमेतला दाणा कमी होतो, ती गुळगुळीत दिसते आणि सॉफ्टवेअर उजेड आपोआप सावरून घेतं. त्यामुळे चौपट मात्रेचा फोटो "छान" दिसतो आणि योग्य मात्रेचा जरा खरखरीत. फॉस्फर प्लेट (नंतर स्कॅन करायची पट्टी) वापरणाऱ्यांकडे ही फसगत आणखी मोठी, कारण प्लेट सेन्सरहून जास्त मात्रा पचवते. ०.६ हा आकडा तुम्हाला बहुधा फिल्मच्या वेळच्या तक्त्यातून किंवा आधीच्या मालकाकडून मिळालाय.

टायमर बसवायला एक संध्याकाळ पुरते. एक काढलेली खालची दाढ निर्जंतुक करून मेणात बसवा. तिच्या मुळाच्या एका कॅनलमध्ये १० नंबरची फाइल (कॅनल साफ करायची बारीक सुई) टोकापर्यंत घाला. गालाच्या जागी दाढेसमोर दीड सेंटिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा. सेन्सर दाढेमागे, कोन ॲक्रिलिकला जवळजवळ टेकलेला. सॉफ्टवेअरमधलं ऑटो-एन्हान्स आणि शार्पनिंग बंद करा, नाहीतर सगळी मेहनत वाया. मग ०.०८, ०.१०, ०.१२, ०.१६, ०.२०, ०.२५, ०.३२ असे एकामागून एक एक्सपोजर घ्या. प्रत्येकानंतर अर्धा मिनिट ट्यूब थंड होऊ द्या. खोलीतला दिवा मंद करून सगळे फोटो शेजारी शेजारी लावा. ज्या सर्वांत कमी वेळेला १० नंबरच्या फाइलचं टोक खात्रीने दिसतं आणि इनॅमल-डेंटिनची सीमा स्पष्ट आहे, तो तुमचा पाया. खालच्या पुढच्या दातांना याहून एक पायरी कमी, वरच्या दाढांना एक पायरी जास्त, दहा वर्षांखालच्या मुलांना साधारण एक-तृतीयांश कमी. तुमच्यासारख्या यंत्रावर चांगल्या सेन्सरसोबत बहुतेक वेळा उत्तर ०.१० ते ०.२० च्या दरम्यान येतं. तक्ता लॅमिनेट करून यंत्रावरच चिकटवा.

मात्रा जास्त झाल्याची खूण एकच: दातांच्या मधल्या हाडाची पातळ टोकं आणि हिरडीजवळच्या कडा जळाल्यासारख्या सपाट काळ्या होतात आणि काँट्रास्ट कितीही फिरवला तरी परत येत नाहीत. सेन्सर भरून वाहिल्याची ती निशाणी आहे.

आता जुन्या एसी यंत्राची मर्यादा. त्यात किरण सलग निघत नाहीत. ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला पन्नास धक्के येतात. ०.१ सेकंदात फक्त पाच. फिलामेंट तापायला पहिले काही धक्के वाया जातात, म्हणून फार छोट्या वेळांना जुना टायमर भरवशाचा राहत नाही: एकदा फोटो ठीक, पुढच्या खेपेला फिका. वरची चाचणी करताना एकाच वेळेचे पाच फोटो घ्या. ते एकमेकांपासून डोळ्यांना वेगळे दिसले, तर टायमर किंवा व्होल्टेज दोघांपैकी एक डळमळतंय. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्याबरोबर केव्ही उतरतं, फोटो फिके येतात, मग असिस्टंट वेळ वाढवते आणि सकाळी व्होल्टेज परत आलं तरी ती वाढलेली वेळ तशीच राहते. चांगला स्टॅबिलायझर लावा. केव्ही घसरल्यावर नुसता फोटो बिघडत नाही. मऊ, कमी ऊर्जेचे किरण वाढतात, ते सेन्सरपर्यंत पोचतच नाहीत, गालातच मुरतात. हेच मऊ किरण गाळायला ट्यूबच्या तोंडाशी ॲल्युमिनियम असतं: ७० केव्हीपर्यंतच्या यंत्रांना एकूण दीड मिलिमीटर, त्यावरच्यांना अडीच. जुनं यंत्र दुरुस्त होऊन आलेलं असेल तर ही चकती परत बसवली आहे ना, हे टेस्ट रिपोर्टमध्ये बघा. ती राहून जाण्याचे प्रकार होतात आणि फोटोवरून ते अजिबात कळत नाही.

ट्यूबहेडखाली (किरणांची ट्यूब असलेल्या डोक्याखाली) तेलाचा डाग दिसला तर त्या क्षणी यंत्र बंद. ते तेल विजेपासून वेगळं ठेवण्याचं आणि थंड करण्याचं काम करतं; गळालं की आत हवा शिरते, ठिणग्या उडतात. आणखी एक: ट्यूबहेड रुग्णाच्या गालाशी लावून हात सोडा. दहा सेकंदांत ते खाली सरकत असेल तर यंत्राच्या हाताची (दांड्याची) स्प्रिंग सैल आहे. त्यामुळे फोटो हलतात, कोन-कट येतो (झोत सेन्सरच्या काही भागावर पडतच नाही) आणि मग "जरा धरून ठेव गं" असं म्हणत कुणीतरी ते हेड धरतं. ते कुणीही धरायचं नाही. स्प्रिंग आवळून घ्यायला मेकॅनिकला अर्धा तास लागतो.

टायमरनंतरची सर्वांत मोठी बचत चौकोनी कोलिमेटरमध्ये आहे. गोल कोनाच्या तोंडाशी झोत साधारण सहा सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर. दोन नंबरच्या सेन्सरचा काम करणारा भाग साधारण नऊ. म्हणजे तीनातले दोन भाग किरण सेन्सरवर पडतच नाहीत. ते फक्त ओठ, लाळग्रंथी आणि थायरॉइडच्या दिशेने जातात. कोनावर बसणारा चौकोनी कोलिमेटर हा वायफळ भाग कापतो आणि विखुरणारे किरण कमी झाल्यामुळे फोटोही थोडा खणखणीत होतो. त्यासोबत पॅरलल पद्धतीचा, म्हणजे सेन्सर दाताला समांतर धरणारा, होल्डर लागतोच, कारण नुसत्या नजरेने चौकोनी झोत बसवायला गेलात तर कोन-कट वाढतील आणि रीटेकमध्ये बचत वाहून जाईल. पहिले दोन आठवडे चुका होतील, त्याला घाबरू नका.

कोन निदान २० सेंटिमीटरचा लांब हवा. जुन्या यंत्रांवर कधीकधी टोकदार, प्लॅस्टिकचा आखूड कोन दिसतो. तो असेल तर यंत्रच नको.

रीटेकची वही ठेवा. महिनाभर प्रत्येक रीटेकपुढे एकच शब्द: एपेक्स कट (मुळाचं टोक फोटोबाहेर), ओव्हरलॅप (शेजारचे दात एकमेकांवर), कोन-कट, लांबलेला, हललेला. दहांत एकाहून जास्त रीटेक होत असतील तर यंत्राआधी पद्धत सुधारायची. एपेक्स कट वारंवार येत असेल तर सेन्सर टाळूत पुरेसा आत जात नाहीये. तो दातांपासून दूर, टाळूच्या मध्याकडे न्यावा लागतो, तिथेच उंची मिळते. आरसीटीला (रूट कॅनलला) सुरुवातीचा, वर्किंग लेंथचा (कॅनलची लांबी मोजायचा), मास्टर कोनचा (कॅनल भरायची मुख्य काडी बसवून) आणि शेवटचा असे चार फोटो होतात. एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारं उपकरण) नीट वापरला तर त्यातला एक बऱ्याचदा वाचतो. "नवीन पेशंट म्हणजे ओपीजी" (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) हा रिवाज पाळू नका. तोंडात बघून प्रश्न पडल्याशिवाय एक्स-रे नाही, एवढा एकच नियम सगळ्या शिशापेक्षा जास्त मात्रा वाचवतो. (पुढे कधी ओपीजी घेतलंत तर पेशंटला नथ, कानातलं, मंगळसूत्र आधीच काढायला सांगा. कानातल्याची सावली समोरच्या बाजूला, थोडी वर, अंधुक होऊन उमटते आणि नेमकी वरच्या दाढांवर बसते.)

सेन्सर असिस्टंटने किंवा तुम्ही बोटाने कधीही धरायचा नाही. हाताच्या त्वचेची वर्षाची मर्यादा ५०० मिलिसीव्हर्ट आहे. थेट झोतात बोट असेल तर दर खेपेला साधारण १ मिलिसीव्हर्ट धरा. पाचशे फोटोंत, म्हणजे दिवसाला दोन या हिशेबाने वर्षाच्या आतच मर्यादा संपली. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून पेशंटच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटांनी धरली आणि ट्यूबची तीव्रता स्वतःच्या हातावर तपासली. आधी बोटं, मग पंजा, मग हात गेला; १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्याच काळात बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स ट्यूबला शिशाचं आवरण घाला, झोत लहान करा असं लिहीत होते. तेव्हा फार थोड्यांनी ऐकलं. लहान मूल फोटो काढू देत नसेल तर आईने किंवा वडिलांनी होल्डर धरावा, ॲप्रन घालून, झोताबाहेर राहून. गरोदर आईने नाही.

आता असिस्टंट आणि पार्टिशन. भिंतींची आखणी करताना एका आयओपीएमागे पेशंटपासून एक मीटरवर विखुरलेली मात्रा जास्तीत जास्त अर्धा मायक्रोग्रे धरतात. अंतर दुप्पट केलं की ती चौथाई होते: दोन मीटरवर एक-अष्टमांश मायक्रोग्रे. दिवसाला दहा, वर्षाला तीनशे दिवस, एकूण तीन हजार फोटो. प्लायवुड काहीच अडवत नाही असं धरलं आणि रिसेप्शनवरची व्यक्ती खुर्चीपासून दोन मीटरवर दिवसभर बसते असं धरलं, तर वर्षाला ०.३७५ मिलिसीव्हर्ट (एक्स-रेसाठी १ ग्रे म्हणजे १ सीव्हर्ट धरून). सर्वसामान्य माणसाची वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट. म्हणजे शिसं न लावताही तुम्ही मर्यादेच्या आत आहात.

पण हा अर्धा मायक्रोग्रे योग्य वेळेच्या फोटोचा आहे. टायमर चौपट असेल तर तीच व्यक्ती दीड मिलिसीव्हर्टवर पोचते आणि मर्यादा ओलांडते. शिसं घालून तुम्ही रिसेप्शन वाचवाल आणि खुर्चीतल्या पेशंटला चौपट देतच राहाल. म्हणून मी आधी टायमर म्हणतो.

तरीही पार्टिशनचं काहीतरी करा, कारण पेशंट वाढतील. सर्वांत स्वस्त उपाय खुर्चीची दिशा आहे. झोत उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे आणि समोरून मागे जातो. पायांकडे कधीच जात नाही. पार्टिशन पेशंटच्या पायांकडे येईल अशी खुर्ची लावा. पुढे बांधकाम करणं शक्य झालं तर साडेचार इंची विटेची साधी भिंत पुरते. एवढ्या ऊर्जेचे विखुरलेले किरण ती शंभराहून जास्त पटींनी कमी करते. जागा भाड्याची असेल तर चाकांवरचा शिशाचा पडदा घ्या. नुसत्या जिप्सम बोर्डवर विसंबू नका. आणि शिशाचा पत्रा लावलाच तर सांधे एकमेकांवर चढवून घ्या, जमिनीपासून सात फुटांपर्यंत. सांध्यातली फट राहिली तर पत्र्याचा खर्च वाया जातो.

एक्सपोजर स्विचची वायर आखूड असेल तर आधी ती वाढवा. दोन मीटर हा किमान आकडा. शक्यतो विटेच्या भिंतीआड, दारात उभं राहून आरशात पेशंट दिसेल अशी जागा करा. वायर वाढवणं जमत नसेल तर पेशंटच्या मागे, झोताच्या रेषेपासून ९० ते १३५ अंशांच्या कोनात उभं राहा. तिथे विखुरलेले किरण सर्वांत कमी असतात.

गर्भासाठी पाळायची मर्यादा, गरोदरपण कळवल्यापासून पुढच्या काळात, १ मिलिसीव्हर्ट. तुमच्या असिस्टंटचे सहा महिने, साधारण दीडशे दिवस, दीड हजार फोटो. दोन मीटरवर, काहीही आड न घेता उभी राहिली तरी पोटाच्या पृष्ठभागावर ०.१९ मिलिसीव्हर्ट, गर्भापर्यंत त्याहून कमी. विटेच्या भिंतीआड गेली की मोजता येणार नाही इतकं. तिला टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) द्या. त्यातल्या तीन चकत्या दर तीन महिन्यांनी वाचल्या जातात आणि हातात लेखी आकडा येतो. घरच्यांना समजावताना हा आकडा तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा आणि रात्री एक्स-रेच्या खोलीत टांगून ठेवायचा नाही, नाहीतर तो खोलीचा हिशेब सांगतो, माणसाचा नाही.

तिच्या घरच्यांना वाटतं की किरण खोलीत साचून राहतात. बटण सोडलं की ट्यूबमधून काहीच निघत नाही. दिवा बंद केल्यावर उजेड जितका उरतो तितकेच किरण उरतात. खोली, सेन्सर, पेशंट, काहीही किरणोत्सारी होत नाही. फोटो झाल्यावर लगेच आत जायला हरकत नाही.

पोर्टेबलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या परिस्थितीत घेऊ नका. स्थिर यंत्र असताना तुम्ही दोन मीटर लांब जाऊ शकता. हातातल्या यंत्राने ते अंतरच संपतं आणि भिंतीचं काम तुमच्या अंगावर येतं. चांगल्या यंत्रात नळीभोवती पुरेसं शिसं असतं आणि कोनाच्या टोकाशी शिसेयुक्त गोल ढाल असते. पण ती ढाल टोकाशी असेल आणि यंत्र आडवं धरलं असेल तरच तुम्ही तिच्या सावलीत असता. वरच्या दातांसाठी यंत्र तिरकं केलं की डोकं किंवा पोट सावलीबाहेर जातं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, कॅमेऱ्यासारखी दिसणारी यंत्रं तर अजिबात नकोत. २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या नियामकांनी अशा अनधिकृत यंत्रांविरुद्ध उघड इशारे दिले होते. आतलं संरक्षण अपुरं असल्याने किरण वापरणाऱ्याकडे येत होते. अंथरुणाला खिळलेला पेशंट किंवा शिबिर यासाठी पोर्टेबलला जागा आहे, पण मान्यताप्राप्त मॉडेलचंच, आणि गरोदर व्यक्तीच्या हातात नाहीच.

लेड ॲप्रनचा विषय निघणारच. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि थायरॉइड कॉलर नेहमी वापरण्याची गरज नाही असं सांगितलं. कारण सरळ आहे: झोत चेहऱ्यावर असतो, पोटापर्यंत जे थोडं पोचतं ते बहुतांशी शरीराच्या आतूनच विखुरत येतं आणि बाहेरचं ॲप्रन ते अडवू शकत नाही. ओपीजीत तर कॉलर झोतात येऊन जबड्याच्या पुढच्या भागावर पांढरा डाग पाडते आणि रीटेक करावा लागतो. तरी दवाखान्यात ॲप्रन ठेवा. आपल्याकडे तपासणीत संरक्षक साधनं बघितली जातात आणि गरोदर पेशंटला ते घातल्याने धीर येत असेल तर तोही उपचाराचा भाग आहे. मुलांना बायसेक्टिंग (झोत तिरका धरायच्या) पद्धतीने वरचे पुढचे दात घेताना झोत खाली थायरॉइडकडे वळतो, तिथे कॉलर वापरा. ॲप्रन घडी घालून ठेवू नका, आडव्या दांडीवर टांगा. घडीवर आतलं शिसं चिरतं.

गरोदर पेशंटला सूज आणि ताप असेल तर एक्स-रे पुढे ढकलू नका. तिच्या गर्भापर्यंत पोचणारी मात्रा मिलिग्रेच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, व्यंगाच्या उंबरठ्याच्या लाखाव्या भागाइतकी. न उपचारलेला गळू आईला आणि बाळाला त्याहून खूप जास्त धोक्याचा आहे. जे टाळता येईल, उदाहरणार्थ सौंदर्यासाठीची कामं, ते बाळंतपणानंतर.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण यंत्र जुनं घेतलंय म्हणून सांगतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना-प्रणालीत ते यंत्र तुमच्या नावावर येऊन परवाना मिळाल्याशिवाय ते चालवता येत नाही. आधीच्या डॉक्टरांचा परवाना तुमच्या कामाचा नाही. मॉडेल मंडळाने मान्य केलेलं आहे ना, हे पैसे पूर्ण देण्याआधी बघायला हवं होतं. आता तरी लगेच बघा. गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यायची असते. तो रिपोर्ट फाइलला लावून विसरू नका, त्यातल्या चार ओळी स्वतः वाचा: टायमरची अचूकता, केव्हीची अचूकता, एकूण गाळणी (वरचं ॲल्युमिनियम) आणि ट्यूबहेडमधून होणारी किरणांची गळती. दातांच्या आयओपीए यंत्राला गळतीची मर्यादा एक मीटरवर तासाला ०.२५ मिलिग्रे आहे. अठरा वर्षांखालच्या मदतनिसाला एक्स-रेच्या कामावर लावायचं नाही, हेही नियमात आहे.

पैसे मोजके आहेत म्हणून क्रम सांगतो. पहिला आठवडा: टायमरची चाचणी आणि तक्ता, खुर्चीची दिशा, स्विचची वायर; खर्च वायरचाच. पहिला महिना: होल्डर, चौकोनी कोलिमेटर, स्टॅबिलायझर, असिस्टंटसाठी बॅज, ई-लोराचं काम. गुणवत्ता चाचणीत टायमर किंवा केव्ही नापास झालं तर दुरुस्तीत पैसे ओतू नका. भिंतीसाठी ठेवलेले पैसे नव्या डीसी (सलग किरण देणाऱ्या) यंत्रात घाला, त्याचा छोटा टायमर सेन्सरसाठी जास्त भरवशाचा असतो. पास झालं तर विटेची भिंत.

आणि आज संध्याकाळी असिस्टंटला घेऊन बसा. हा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडा, तिच्या नवऱ्याला किंवा सासूबाईंना यायचं असेल तर त्यांच्यासमोर. उभं राहायची जागा तिला स्वतः टेपने मोजू द्या आणि जमिनीवर पट्टी चिकटवा. एवढं करूनही तिला बाळंतपणापर्यंत बटण दाबायचं नसेल तर ते काम तुम्ही करा आणि तिचा पगार कापू नका.